शूटला पोचलो आणि काहीतरी घरीच राहिलं! वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींपैकी कुणाला साहेबाकडून फेझंट शूटचं, म्हणजे फेझंट पक्ष्यांच्या शिकारीच्या दिवसाचं, आमंत्रण येतं, कुणी गावातल्या सिंडिकेटमध्ये, म्हणजे मिळून शूट चालवणाऱ्या गटात, वर्गणी भरतं, कुणी भागीदारीत एखादा दिवस विकत घेतं. मग ऑक्टोबर लागला की फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. बरेचसे ऐन सकाळी, यजमानाच्या अंगणात गाडी लावून, हळू आवाजात विचारलेले. ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते इंग्लंड-वेल्सपुरतं धरा. स्कॉटलंडमध्ये बंदुकीचा कायदा बहुतांशी हाच आहे, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये वेगळा.

१. पहिल्यांदाच चाललोय. सोबत नेमकं काय काय हवं?

ड्रिव्हन शूटमध्ये हाकारे रान झोडपत पक्षी उठवतात आणि ८-९ बंदूकधारी आखलेल्या खुंट्यांवर, म्हणजे पेगवर, ओळीनं उभे असतात. अशा एकेका हाक्याला ड्राइव्ह म्हणतात. म्हणजे तुम्हाला फार चालायचं नसतं, पण उभं राहायचं असतं. चिखलात, वाऱ्यात आणि बहुधा पावसात.

बंदूक तिन्ही भागांसकट हवी: नळ्या, दस्ता जोडलेली अ‍ॅक्शन (बार उडवणारी यंत्रणा) आणि फोर-एंड (नळ्यांखालचा लाकडी तुकडा). शिवाय तिची स्लिप, म्हणजे खोळ, योग्य काडतुसं आणि ती ठेवायला पिशवी किंवा पट्टा, शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे पोलिसांचा बंदूक-परवाना, कानांचं संरक्षण, चष्मा, वेलिंग्टन बूट, वॉटरप्रूफ कोट, आणि रोख पैसे. बूट, कोट, टोपी, पैसे यांची सोय तिथे होऊन जाते. बंदूक, काडतुसं आणि कागद यांच्या बाबतीत मात्र आपला 'चालतंय की' हा बाणा घरी ठेवून या. खालचे बरेचसे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत.

तारखाही एकदा बघून ठेवा. ग्राउज १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, पार्ट्रिज १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी, फेझंट १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. इंग्लंड-वेल्समध्ये रविवारी आणि नाताळच्या दिवशी या पक्ष्यांची शिकार बंद.

२. काहीतरी राहिलंय हे लक्षात आलं. यजमानाला सांगू की गुपचूप निभावून नेऊ?

सांगा, आणि लगेच सांगा. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास मंडळी जमतात, कॉफी होते, शूट कॅप्टन सुरक्षिततेच्या सूचना देतो, मग पेगच्या चिठ्ठ्या निघतात. चिठ्ठ्या निघण्याआधी सांगितलं तर सगळं सोपं असतं. कुणाच्या गाडीत कानांचे जादा मफ असतात, कीपरच्या, म्हणजे पक्षी वाढवणाऱ्या राखणदाराच्या, घरी बूट असतात, अंतर कमी असेल तर तुम्ही घरी जाऊन दुसऱ्या ड्राइव्हला परत येऊ शकता. पहिल्या ड्राइव्हचं शिंग वाजल्यावर सांगितलंत तर आठ माणसं आणि वीसेक हाकारे तुमच्यासाठी खोळंबतात.

लाजायचं काही कारण नाही. इथले मुरलेले लोकही दर मोसमात काही ना काही विसरतात.

३. सर्टिफिकेट घरी राहिलं. फोनमध्ये फोटो आहे, चालेल का?

फोटो असणं चांगलंच, पण तो सर्टिफिकेटची जागा घेत नाही. १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ४८ नुसार पोलीस तुम्हाला सर्टिफिकेट दाखवायला सांगू शकतात. दाखवता आलं नाही तर नाव-पत्ता विचारण्याचा आणि बंदूक ताब्यात घेण्याचा त्यांना अधिकार आहे. प्रत्यक्षात वाटेत कुणी अडवण्याची शक्यता फार नसते, आणि बहुतेक शूटवर यजमान ओळखीचा असला तर दिवस पार पडतो. पण काही ठिकाणी, विशेषतः दिवस विकत देणाऱ्या इस्टेटवर, सकाळीच सर्टिफिकेट आणि विमा बघतात. तिथे फोटोवर भागेल की नाही हे त्यांच्या हातात.

विम्याचं सोपं आहे. बीएएससीसारख्या (ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्वेशन) संघटनेचं सभासदत्व असेल तर त्यातच सार्वजनिक दायित्वाचा विमा येतो. कार्ड राहिलं तरी सभासद क्रमांक फोनमध्ये असला की काम होतं.

काडतुसं विकत घ्यायची असतील तर मात्र सर्टिफिकेटवाचून अडेल. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

४. बंदूकच घरी कुलूपबंद कॅबिनेटमध्ये राहिली! बायको गाडीनं आणून देते म्हणतेय. देऊ दे का?

तिचं स्वतःचं शॉटगन सर्टिफिकेट असेल तर हो. एक सर्टिफिकेटधारक दुसऱ्याची शॉटगन ७२ तासांपर्यंत पोलिसांना न कळवता वापरायला घेऊ शकतो.

सर्टिफिकेट नसेल तर नाही. आणि इथे आणून देण्याच्या आधीच गडबड झालेली असते. तुमच्या सर्टिफिकेटची अटच अशी आहे की अधिकार नसलेल्या माणसाचा हात बंदुकीपर्यंत पोचू नये अशी ती ठेवायची. "चावी देवघरातल्या कुंकवाच्या डबीखाली आहे बघ," असं फोनवर सांगणं म्हणजे ती अट मोडल्याची कबुली झाली. सर्टिफिकेट रद्द होण्याइतकी ही बाब गंभीर आहे, आणि एकदा रद्द झालेलं सर्टिफिकेट परत मिळवणं हे फार लांबचं काम. ती तुमची बायको आहे, वीस वर्षं एका घरात राहता, याचा इथे काही उपयोग नाही.

स्वतः जाऊन आणा. घर फार लांब असेल तर प्रश्न ६ पाहा.

५. बंदूक आहे, पण फोर-एंड नाही. तेवढ्यानं काय अडतं?

सगळंच अडतं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणारा माणूस बहुधा सावध स्वभावाचा असतो. कारण बंदूक गाडीत ठेवून कुठे जावं लागलं तर फोर-एंड काढून सोबत न्यावा असा अधिकृत सल्ला आहे, म्हणजे गाडी फोडली तरी चोराच्या हाती चालती बंदूक लागत नाही. बेशिस्त माणूस तो काढतच नाही, म्हणून विसरतही नाही. शिस्तीचा माणूस काढून खिशात घालतो, घरी येऊन कोट खुंटीला लावतो आणि पुढच्या शनिवारी दुसरा कोट घालून निघतो.

नळ्यांच्या खाली बसणारा हा लाकडी तुकडा नुसता हात धरायला नसतो. त्यातलं लोखंड नळ्या अ‍ॅक्शनवर धरून ठेवतं. बऱ्याच बंदुकांमध्ये ती उघडताना घोडे चढवण्याचं आणि रिकामी काडतुसं बाहेर फेकण्याचं कामही त्याच्याशी जोडलेलं असतं. फोर-एंडशिवाय बंदूक बंद होते, ठीक दिसते, आणि उघडायला गेलात की नळ्या हातात येऊ शकतात. दोरीनं बांधून, टेप गुंडाळून उडवायचा विचारसुद्धा नको.

दुसऱ्याचा लावून बघू का, हेही विचारतात. नको. जुन्या इंग्लिश बंदुकांचे फोर-एंड हातानं, त्या एकाच बंदुकीला घासून बसवलेले असतात. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांतही ते बसतीलच असं नाही. घट्ट जातोय म्हणून तळहातानं ठोकून बसवलात तर नंतर बंदूकवाल्याकडे दोन बंदुका घेऊन जावं लागेल.

यात एक सुटका आहे. फोर-एंडला स्वतःचं सर्टिफिकेट लागत नाही, त्यामुळे घरचं कुणीही तो आणून देऊ शकतं. अर्थात तो कोटाच्या खिशात किंवा टेबलाच्या खणात असेल तर. कॅबिनेटमध्ये बंदुकीशेजारी असेल तर पुन्हा प्रश्न ४ लागू.

६. यजमान म्हणतोय, माझी जादा बंदूक घे. घ्यावी का?

तुमच्याकडे सर्टिफिकेट असेल तर ७२ तासांची मुभा वर सांगितलीच आहे. बंदूक कुणाची हा प्रश्न राहत नाही. नसेल तर प्रश्न १३ पाहा.

कायद्यापेक्षा सवयीचा भाग इथे जास्त महत्त्वाचा. परक्या बंदुकीचा सेफ्टी कॅच आपोआप 'सेफ' वर येतो की हातानं आणावा लागतो? चाप एक आहे की दोन? दोन असतील तर पुढचा कुठली नळी उडवतो? मालकाला हे विचारा. मग बंदूक उघडून नळ्यांतून आभाळाकडे बघा, माती-बर्फ अडकलेलं नाही ना. रिकामी बंदूक चार-पाच वेळा खांद्याला लावून बघा. दस्ता डावखुऱ्यासाठी वळवलेला असेल आणि तुम्ही उजवे असाल तर नेम कायम एका बाजूला जाईल, आणि दिवसभर तुम्ही वाऱ्याला दोष देत बसाल.

आणि काडतुसं! बंदूक बदलली की तुमच्या पिशवीतली काडतुसं तिला चालतीलच असं नाही. पुढचा प्रश्न न वाचता पेगवर जाऊ नका.

७. काडतुसं राहिली. शेजारच्या पेगवाल्याकडून घेतली तर?

मिळतील. लोक मोठ्या मनानं देतात. पण 'काडतूस ते काडतूस' असं नसतं, चार गोष्टी जुळायला हव्यात.

पहिली, बोअर, म्हणजे नळीची रुंदी; आकडा जितका लहान तितकी नळी रुंद. ही चुकली तर माणूस जखमी होतो. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, टाकलं की ते सरकत पुढे जाऊन नळीत अडकतं. वरून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. पक्षी आला, चाप ओढला, काही झालं नाही, म्हणून माणूस घाईघाईनं १२ चं काडतूस भरतो आणि पुन्हा चाप ओढतो. नळी फुटते, आणि ती नेमकी डाव्या हाताच्या आसपास फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळी करायची पद्धत आहे. २८ बोअरचं २० मध्ये गेलं तरी तीच गत. घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर प्रत्येकीसाठी वेगळी पिशवी ठेवा, आणि निघण्यापूर्वी कोटाचे खिसे उलटे करा. मूठभर लाल काडतुसांत एक पिवळं, असंच हे घडतं.

दुसरी, लांबी. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडतं, जागा कमी पडते आणि दाब वाढतो. म्हणजे 'बसलं' हा पुरावा नाही. खोक्यावर छापलेली लांबी आणि नळ्यांवरचा शिक्का वाचा.

तिसरी, छर्रे कशाचे. २०२० मध्ये शूटिंग क्षेत्रातल्या ९ संघटनांनी मिळून ५ वर्षांत शिसं सोडण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून शेजाऱ्याच्या पिशवीत पोलादी छर्रे निघण्याची शक्यता बरीच वाढली आहे. पोलाद प्रत्येक बंदुकीला चालत नाही. हाय परफॉर्मन्स स्टीलच्या काडतुसांसाठी नळीवर फ्लर-द-लीचा, म्हणजे तीन पाकळ्यांच्या लिलीचा शिक्का हवा. आजोबांच्या काळातल्या बंदुकीत पोलाद घालण्याआधी बंदूकवाल्याला विचारा. शूटच्या सकाळी विचारायला तो भेटणार नाही, तेव्हा त्या दिवसापुरतं नकोच.

चौथी, वॅड, म्हणजे काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच. गुरं चरतात अशा बऱ्याच जागी प्लॅस्टिक वॅडला मनाई असते. यजमानाच्या आमंत्रणात बहुतेक वेळा ही ओळ असते आणि बहुतेक वेळा ती कुणी वाचत नाही.

फेझंटसाठी शिशाचे ५ किंवा ६ नंबरचे छर्रे सर्रास वापरतात. पोलाद हलकं, म्हणून दोन नंबर जाड घ्यायचं, म्हणजे ६ ऐवजी ४. उसनं घेताना नंबरावरून घासाघीस करू नका, मिळेल ते घ्या. वरच्या चार गोष्टींवर मात्र अडून बसा.

८. उसनी काडतुसं घेणं बेकायदा तर नाही? आणि वाटेतल्या दुकानातून घेता येतील?

नेहमीची शॉटगन काडतुसं जवळ बाळगायला सर्टिफिकेट लागत नाही, ती कुणी तुम्हाला तशीच दिली तर अडचण नाही. विक्री झाली की नियम बदलतो, विकत घेणाऱ्यानं शॉटगन सर्टिफिकेट दाखवावं लागतं. त्यामुळे पेगवर पैशाचा व्यवहार करण्यापेक्षा पुढच्या वेळी तेवढंच एक खोकं परत करा. वर व्हिस्कीची छोटी बाटली दिलीत तर पुढच्या मोसमातही काडतुसं मिळतील.

दुकानदार सर्टिफिकेटशिवाय देणार नाही आणि त्यानं देऊही नये.

९. किती काडतुसं आणली म्हणजे कमी पडणार नाहीत?

सोपं गणित आहे. दिवस १०० पक्ष्यांचा, बंदुका ८, एका पक्ष्यामागे सरासरी ४ बार. म्हणजे माणशी ५०. पण पक्षी समान वाटून येत नाहीत, एखाद्या ड्राइव्हला तुमचाच पेग तापतो. १०० घेऊन जा, गाडीत आणखी एक खोकं असू द्या. उरलेली खराब होत नाहीत.

१०. फेझंटचा दिवस होता, मधेच 'आता डक ड्राइव्ह' म्हणाले. माझ्याकडे फक्त शिसं आहे.

मग तो ड्राइव्ह बसून बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये बदक, रानहंस (गूज), कूट आणि मूरहेन या पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे झाडणं बेकायदा आहे, मग तळं असो की कोरडं शेत. बाकीचे सगळे शिसं मारतायत असं दिसलं तरी ती तुमची सबब होऊ शकत नाही.

कुणाकडे बिस्मथची, म्हणजे शिशाऐवजी वापरतात त्या धातूच्या छर्ऱ्यांची, काडतुसं असतील आणि ती तुमच्या बंदुकीच्या बोअरची-लांबीची असतील तर मागून घ्या. महाग असतात, पण मऊ असल्यामुळे जुन्या नळ्यांनाही चालतात. पाच-सहा पुरेत.

११. नळी साफ करताना चोक काढले होते, ते घरीच राहिले. तसेच बार काढू का?

नाही. चोक म्हणजे नळीचं तोंड अरुंद करणारी छोटी नळकांडी. ती बदलता येतात अशा मल्टिचोक बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी आतून आटे असतात. चोक नसताना बार काढला तर ते खराब होतात आणि नळी कायमची बिघडते. त्याच कंपनीची, त्याच पद्धतीच्या चोकची बंदूक कुणाकडे असेल तर त्याचे जादा चोक बसतात का बघा. ते सहज फिरत जायला हवेत. चोकची किल्ली तेवढी राहिली असेल तर काही बिघडत नाही, आहेत त्या चोकवर दिवस काढा. त्यामुळे पक्षी चुकतात असं वाटणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण पक्षी चुकतात ते बहुतेक बंदूक फिरवताना थांबल्यामुळे.

१२. कानांचे मफ, चष्मा, स्लिप, टाय, कुत्र्याचा पट्टा... यातलं काय नसलं तर चालतं?

कानांचं संरक्षण नसेल तर बार काढू नका. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, गाणी ऐकायचे इअरबड त्यासाठी बनवलेले नसतात. बारामुळे गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आणि शेजारच्या पेगवरचा बारही तुमच्याच कानात जातो. फोमचे साधे प्लग गाडीच्या कप्प्यात कायम असू द्या, काही पेन्समध्ये येतात.

नंबरचा चष्मा राहिला असेल तर त्या दिवशी बंदूक ठेवून द्या. हाकारा आणि झुडूप यांतला फरक साठ पावलांवरून दिसायला हवा. साधा संरक्षक चष्मा फेझंटच्या दिवशी चांगला, ग्राउजच्या दिवशी आवश्यकच समजा. तिथे पक्षी जमिनीलगत येतात आणि बार आडवे जातात.

स्लिप नसेल तर दोन ड्राइव्हच्या मधे बंदूक उघडी, रिकामी, सगळ्यांना दिसेल अशी हातावर घ्या. गाडीत आडवी टाकू नका. कुणाचं ब्लँकेट मिळालं तर त्यात गुंडाळा.

टाय नसला तर कुणी घरी पाठवत नाही. गार्टर, ट्वीडचा पोशाख यांचंही तेच. गडद रंगाचा जाड स्वेटर आणि पँट मोज्यात खोचलेली, एवढ्यावर भागतं. भडक लाल-पांढरं मात्र नको, पक्षी लांबूनच वळतात.

कुत्र्याचा पट्टा राहिला तर शेतावर सुतळी मिळते. कुत्रा शिकलेला नसेल तर त्यालाही गाडीतच बसवा.

१३. मुंबईहून मेहुणा आलाय, त्याच्याकडे इथलं सर्टिफिकेट नाही. तो एखादा बार काढू शकेल का?

भारतातला शस्त्रपरवाना इथे चालत नाही. रीतसर मार्ग म्हणजे व्हिजिटर्स परमिट, त्यासाठी इथल्या माणसानं स्पॉन्सर म्हणून पोलिसांकडे आधी अर्ज करावा लागतो. तो विसरलात तर ऐन दिवशी मिळत नाही.

दुसरा मार्ग फायरआर्म्स अ‍ॅक्टच्याच कलम ११अ चा. खाजगी जागेवर, १८ वर्षांवरचा सर्टिफिकेटधारक आपली शॉटगन सर्टिफिकेट नसलेल्याला वापरायला देऊ शकतो. अट अशी की देणाऱ्याला त्या जमिनीवर शिकारीची परवानगी देण्याचा हक्क हवा किंवा तसा हक्क असलेल्याचं लेखी अधिकारपत्र हवं, आणि पूर्ण वेळ तो जवळ हजर हवा. म्हणजे पाहुणे म्हणून गेलेले तुम्ही परस्पर आपली बंदूक मेहुण्याच्या हातात देऊ शकत नाही. यजमानाला आधी विचारा, लेखी घ्या आणि ड्राइव्ह संपेपर्यंत मेहुण्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा. तुम्हाला डुलकी आली, तुम्ही आडोशाला गेलात, तर बंदूक तुमच्याबरोबर.

खरं तर पहिल्या वेळेला त्याला हाकाऱ्यांत पाठवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हाका बघितलेली पिढीच संपत आली. काठी घेऊन काट्याकुट्यांतून चालण्यात त्याला जास्त मजा येईल, आणि परमिट लागत नाही.

१४. रोख पैसे नाहीत. कीपरला नंतर ऑनलाइन पाठवू का?

शूट कॅप्टनकडून उसने घ्या आणि त्याला ऑनलाइन पाठवा. दिवस संपताना कीपर तुमच्या हातात पक्ष्यांची जोडी देतो तेव्हा हस्तांदोलनातच घडी घातलेली नोट द्यायची रीत आहे. शंभरेक पक्ष्यांच्या दिवसाला ३० ते ५० पौंड ठीक. ठरीव दर नाही, यजमानाला हळूच विचारलं तर तो सांगतो. कीपरनं वर्षभर पिल्लं वाढवलेली असतात, त्याला बँकेचा तपशील विचारत उभं करू नका.

१५. घरी पोचल्यावर कळलं की बंदूक जेवणाच्या झोपडीत राहिली.

त्याच क्षणी यजमानाला फोन करा. ती उचलून आपल्या कॅबिनेटमध्ये ठेवायला तिथे एखादा सर्टिफिकेटधारक असतोच, दुसऱ्या दिवशी जाऊन आणा. ती सापडलीच नाही तर पोलिसांना ताबडतोब कळवा. सर्टिफिकेटच्या अटीप्रमाणे हरवल्याची खबर ७ दिवसांत द्यायची असते, पण बंदुकीच्या बाबतीत ७ दिवस थांबणाऱ्या माणसाबद्दल पोलिसांचं मत काय होईल ते उघड आहे. सर्टिफिकेट हरवलं तरी खबर द्यावी लागते.

१६. उरलेलं एक काडतूस कोटाच्या खिशात राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात तोच कोट घालून भारतात जाणार आहे, म्हणून आठवलं.

बरं झालं आठवलं. भारतात १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ असणं हा गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामानात एखादं सापडल्यामुळे गुन्हे नोंदवले जातात. 'चुकून राहिलं' हे खरं असलं तरी ते कोर्टात सांगत बसावं लागतं, आणि परतीचं विमान त्यासाठी थांबत नाही. हीथ्रोवर सापडलं तरी चौकशी आहेच.

शूटचा कोट प्रवासाला नेऊच नका. शूटला नेलेली बॅगही नको, तिच्या अस्तराच्या फाटीत काडतुसं शिरतात. न्यावंच लागलं तर सगळे खिसे उलटे करा, आतला चोरखिसाही, आणि शिवण हातानं चाचपून बघा.